वास ही तक्रार नसून पावती आहे

२ मार्च
वेबसाइटवालीचा फोन. दुकान सुरू झालं, ऑर्डरी येतायत, सगळं छान, पण रिफंडची सोय नाही म्हणाली. गिऱ्हाइकांचे पैसे ज्या कंपनीमार्फत आपल्या खात्यात येतात, त्या कंपनीला ती लागते म्हणे. नाहीतर ते आपलं दुकान बंद करू शकतात.

किळस आली. अजून एकाही माणसाने तक्रार केलेली नाही आणि आपण आधीच तक्रारीची वाट बघत बसायचं. म्हणजे पाहुण्याला जेवायला वाढायचं आणि ताटाशेजारी बादली ठेवायची, ओकारी आलीच तर असावी म्हणून.

नोकरी सोडली ती असल्या बादल्या मांडायला नव्हे. (नोकरी मीच सोडली. त्यांनीही त्याच दिवशी सोडायला सांगितलं, हा योगायोग.) 'पदसुगंध' हा बुटात घालायचा इनसोल मी स्वतः, स्वतःच्या डोक्याने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केला आहे. कापूस, कोळशाची पूड, पुदिन्याचा अर्क. पायाचा वास दिवसभर शोषून घेतो. जगात माणसं किती, पाय त्याच्या दुप्पट. असला माल परत कोण करणार?

हिला सांगितलं. ही शाळेच्या लायब्ररीत आहे, दिलेलं परत घेण्यातच हिचं आयुष्य गेलं. म्हणाली, एक बटण ठेवा, नाव विचारा, ऑर्डर नंबर विचारा, पैसे देऊन टाका, विषय संपवा.

धंद्यातलं हिला ओ की ठो कळत नाही.

संकल्प : रिफंडची सोय करायची. पण अशी की वापरायची कोणाला इच्छाच होऊ नये.

४ मार्च
फॉर्म तयार. दिवसभर बसलो होतो, पाठ धरली. पैसे परत मागण्याचं कारण निवडायची यादी मी स्वतः लिहिली. मन बदललं. बूट जुना आहे. मोजे धूत नाही. स्वभाव उतावळा आहे. बटण चुकून दाबलं. माणसाला जी जी कारणं असू शकतात ती सगळी आली.

वेबसाइटवाली म्हणाली, "वास जात नाही" हे कारण यात नाही. मी म्हटलं, जे होणारच नाही त्याला जागा कशाला अडवायची? शेवटी तिने 'इतर' असा एक पर्याय घातला, खाली लिहायला एक चौकट. घालू दिला. पोरीचा हट्ट.

माझ्या बाजूला 'मंजूर' आणि 'नामंजूर' अशी दोन बटणं लागतील म्हणाली. मी म्हटलं, मंजूर नको. उगाच हात जायचा. ती म्हणाली, नक्की?

९ मार्च
पहिली रिफंड रिक्वेस्ट. कारण : इतर. चौकटीत : वास जात नाही.

चुकून आली असणार. सभ्य उत्तर पाठवलं. आपण हे बटण अनवधानाने दाबलं असावं. तसं असल्यास काही करण्याची गरज नाही. तसं नसल्यास कृपया पुन्हा विचार करावा.

संध्याकाळी उत्तर आलं. "केला."

एवढंच. मी तीन वाक्यं लिहिली होती. हल्ली माणसांना लिहायचासुद्धा कंटाळा. पैसे मागायचा नाही.

१२ मार्च
आणखी रिक्वेस्ट. सगळ्या 'इतर'. माझी यादी कोणी वाचतसुद्धा नाही. एक जण लिहितो, वास होता तो आहेच, आता त्यात पुदिना आलाय. एक बाई लिहिते, नवरा कामावरून आला की कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत जातो, पूर्वी जात नव्हता. म्हणजे आता कुत्र्याच्या साक्षीवर मी पैसे परत करायचे!

शिसारी आली आहे मला या लोकांची. वस्तू वापरायची, चेपून चपटी करायची, आणि वर पैसेही परत. फुकटे लेकाचे.

संकल्प : पुरावा. फॉर्मबरोबर फोटो सक्तीचा.

वेबसाइटवालीने विचारलं, कसला फोटो? मी म्हटलं, पायाचा. आणखी कसला? ती म्हणाली, नक्की? तिच्या या 'नक्की?'ला मी विटलो आहे.

१५ मार्च, सकाळ
फोटो यायला लागले. नाश्ता करता करता बघून टाकतो.

१५ मार्च, दुपार
नाश्ता राहिला.

शी. शी शी शी. काय पाय असतात माणसांचे! वरून इस्त्रीचे कपडे, भांग काढलेला, गळ्यात ओळखपत्र, आणि खाली हे. टाचांना भेगा अशा की नाणं उभं राहील. एकाच्या अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं जाड आणि पिवळं, कापायला बागेतली कात्री लागेल. एकाने बोटांमधली जागा हाताने फाकवून, वर टॉर्च मारून, अगदी जवळून काढलाय. मी मागितलं नव्हतं! एकाने दोन्ही पाय वर करून मधे आपला हसरा चेहरा घेतलाय. हसण्यासारखं काय आहे त्यात?

ही मागून चहा घेऊन आली, स्क्रीनकडे पाहिलं, चहा तसाच घेऊन परत गेली. हल्ली ती स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवते.

१७ मार्च
फोन उघडला की पाय. आईचा जुना फोटो शोधत होतो, आधी कोणाची तरी करंगळी आली. मलमासकट.

ही म्हणाली, पण फोटोत वास कसा दिसणार? मी म्हटलं, तू मधे बोलू नकोस.

संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की फोटोत वास दिसत नाही. ही मूलभूत उणीव आहे आणि ती वेळेवर लक्षात आली हे बरं झालं. आता नियम बदलला. फोटो बंद. तक्रार असेल तर माल परत पाठवायचा, स्वखर्चाने, आणि तो कमीत कमी तीन आठवडे, रोज, न धुता वापरलेला असला पाहिजे. दोन दिवस पायात घालून मत देणारी माणसं मला आवडत नाहीत. गुण यायला वेळ द्यावा लागतो, मग ते औषध असो, लग्न असो, नाहीतर इनसोल.

हिला नियम वाचून दाखवला.

ती म्हणाली, हे इथे येणार? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, आपल्या घरी? मी म्हटलं, मग कुठे, लायब्ररीत? ती म्हणाली, न धुता?

हिला एकच गोष्ट तीनदा विचारायची सवय आहे. शिवाय कोणी पाठवणारच नाही. कुरियरचा खर्च करून वापरलेली घाण कोण पाठवतं?

२५ मार्च
एकही पार्सल नाही. एकही रिक्वेस्ट नाही. पूर्ण शांतता.

जिंकलो. तीन आठवड्यांच्या अटीने फुकट्यांचं कंबरडं मोडलं. हिला सांगितलं, याला म्हणतात दूरदृष्टी. ही म्हणाली, तीन आठवडे व्हायचे आहेत अजून.

लहान मुलांच्या मापाचे इनसोल काढायचा विचार आहे. मग लष्कराशी बोलू. त्यांच्याकडे बूट खूप.

८ एप्रिल
कुरियरवाला सकाळी आला. दुपारी आला. संध्याकाळी आला.

पार्सलं त्याने चिमटीत, हात लांब करून धरली होती, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात तशी. तोंड दुसरीकडे. विचारलं, साहेब, यात असतं काय? मी म्हटलं, ती आमच्या धंद्यातली गुप्त गोष्ट आहे. तो म्हणाला, गुप्त काही राहिलेलं नाही साहेब, जिन्यापासून कळतंय.

उद्धट.

९ एप्रिल
पार्सलं उघडली. हिचे भांडी घासायचे हातमोजे घातले. (त्यावरून वेगळं भांडण झालं. नवीन आणून देईन म्हटलं तर म्हणते, तोंडाने काय, काहीही आणाल.)

मी मनाने खंबीर माणूस आहे. तरी दोनदा गॅलरीत जाऊन उभा राहिलो. एकाने पारदर्शक पिशवीत घालून पाठवलेत, पिशवीला आतून घाम आलाय. एकाने जेवणाच्या डब्यात. डबा परत हवा अशी चिठ्ठी! एकाने इनसोलबरोबर मोजेही पाठवलेत, "तुलनेसाठी". एका जोडीवर हिरवट लव आली आहे, मखमलीसारखी. मी ती बोटाने दाबून पाहिली. का पाहिली माहीत नाही. दिवसभर ते बोट अंगापासून लांब धरून फिरतोय.

माणूस हा प्राणी आतून सडका आहे. त्याचा निचरा पायातून होतो.

१० एप्रिल
सकाळी दाढी करताना सुचलं, अर्धी दाढी तशीच ठेवून लिहायला बसलो.

इनसोलला वास येतोय. का येतोय? कारण त्याने तो शोषून घेतला! पायातला वास इनसोलमध्ये आला म्हणजे इनसोलने काम केलं! जितका जास्त वास, तितका उत्तम माल. हे इतके दिवस कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

सगळ्यांना एकच पत्र. आपली रिक्वेस्ट तपासली. आपल्या इनसोलला अतिशय तीव्र वास येत असल्याने ते उत्तम काम करत असल्याचं सिद्ध झालं आहे. वास ही तक्रार नसून पावती आहे. सबब नामंजूर.

हे वाक्य लिहून झाल्यावर खुर्चीतून उठून उभा राहिलो. हिला वाचून दाखवलं. ती इस्त्री करत होती. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मोकळ्या हवेसाठी गॅलरीत गेली. गॅलरीत पार्सलं आहेत, म्हणून परत आली. मग नुसती उभी राहिली.

भारावली असावी.

१३ एप्रिल
खालच्या मजल्यावरचे काका वर आले. इमारतीत उंदीर मेलाय म्हणाले, चार दिवस शोधतोय. मीही बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर उंदीर शोधला. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, मीटरच्या खोलीत. सापडला नाही. काका म्हणाले, हल्ली शेजाऱ्यासाठी एवढं कोण करतं?

कोणीच नाही. हेच मी म्हणतो.

दुकानाच्या पानावर लोक काहीबाही लिहू लागलेत. "पैसे मागितले तर पाय मागतात." "आधी पाय मागितला, मग घाण मागितली, मग अभिनंदन केलं." उत्तर देण्याच्या लायकीचं नाही. तरी प्रत्येकाला उत्तर दिलं.

१६ एप्रिल
ही म्हणाली, एक तर गॅलरीतली खोकी राहतील नाहीतर मी.

मी विचार करायला वेळ मागितला.

ती म्हणाली, विचार करायला वेळ लागतोय, यातच सगळं आलं. तिने बॅग भरली आणि टॅक्सी मागवली. बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, वास सहन होतो हो, त्याची सवय असते माणसाला. पण पत्रं लिहून लोकांना खोटं पाडता ते नाही सहन होत.

मला वाटतं तिला थोडा आराम हवा होता. शाळेत परीक्षा असतात या दिवसांत.

घर एकदम मोठं वाटतं. आणि बंद बंद. खिडक्या उघडल्या तर काका येतात.

२० एप्रिल
एक गंभीर प्रकरण. एकाच माणसाने तीन वेळा इनसोल घेतलेत आणि तीन वेळा रिफंड मागितलाय. बाकीचे निदान शिव्या देतात. हा प्रत्येक वेळी लिहितो, "तसदीबद्दल क्षमस्व." इतका नम्र माणूस हा हमखास भामटा असतो. किंवा दुसऱ्या इनसोलवाल्याचा हेर. माझ्या नियमांचा अभ्यास करतोय.

पत्ता याच शहरातला आहे.

संकल्प : स्वतः जाणार. समोरासमोर उघडा पाडणार. हिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, कोणाशी भांडू नका, आणि जेवता का वेळेवर? मी म्हटलं, हो. (बिस्किटं.)

२३ एप्रिल
जाऊन आलो. सगळं नीट लिहून ठेवतो.

जुनी इमारत, तिसरा मजला. दार एका शिडशिडीत, पांढऱ्या केसांच्या माणसाने उघडलं. मी म्हटलं, पदसुगंधकडून आलोय. मला वाटलं चेहरा पडेल. उलट तो इतका खूष झाला की मीच गोंधळलो. "स्वतः आलात? एवढे जिने चढून? या या!"

एकच खोली. भिंतीला तीन व्हायोलिनी टांगलेल्या. मास्तर घरोघर जाऊन मुलांना व्हायोलिन शिकवतात. मी बूट काढून आत गेलो आणि खुर्चीवर बसलो.

खोलीत वास होता. म्हटलं, मास्तरांचाच असणार. दारात असताना आला नव्हता, आत येऊन बसलो तसा यायला लागला.

मास्तर माझ्याशी बोलता बोलता उठले आणि त्यांनी खिडकी उघडली. मग दुसरी उघडली. मग विचारलं, "आपण स्वतः वापरता का आपला माल?"

"रोज," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

"हं," म्हणाले. माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं.

मी मुद्द्यावर आलो. आवाज चढवून विचारलं, वास जात नाही तर तीन तीनदा विकत का घेतले?

त्यांना रागच आला नाही. म्हणाले, "अहो, आमचा धंदा असा की लोकांच्या दारात बूट काढावे लागतात. तिथेच पंचाईत. एका घरी मुलीची आई मी येण्याआधी उदबत्त्या लावून ठेवायची. मग गॅलरीत खुर्ची ठेवायला लागली, म्हणे मोकळ्या हवेत सूर चांगला लागतो. थंडीत, हो! पोरीची बोटं काकडायची. मग शिकवणी बंद झाली. कारण कोणी सांगत नाही. परीक्षा आहे म्हणतात, गावाला जातोय म्हणतात. मला कळतं ना. तुमची जाहिरात वाचली, घेतले. आठ दिवस वाटलं, गेला वास. मग लक्षात आलं, मला सर्दी झाली होती."

"मग परत का घेतले?"

"वाटलं, या खेपेला माल ताजा असेल."

"आणि तिसऱ्यांदा?"

मास्तर हसले. "आशा हो. दुसरं काय?"

भामट्याला उघडा पाडायला गेलेला माणूस मी. पंख्याकडे बघत बसलो.

ते आत गेले आणि येताना परात घेऊन आले. कोमट पाणी, त्यात काहीतरी टाकलेलं, खांद्यावर स्वच्छ टॉवेल. परात माझ्या पायाशी ठेवली. "रोज एवढं करतो मी आता," म्हणाले. "फार फरक नाही पडत, पण बरं वाटतं. बुडवा पाय. संकोच करू नका, इथे आपण दोघंच आहोत."

म्हणजे? मला त्यांनी आपल्या पंगतीला बसवलं! इनसोलचा निर्माता मी, आणि माझ्यापुढे परात! इतकी किळस मला त्या हिरव्या लवेचीही आली नव्हती. नको नको म्हणत उठलो. मास्तरांना वाटलं लाजतोय. म्हणाले, "पहिल्यांदा मलाही असंच झालं होतं."

तरी दारात थांबून, बुटाची नाडी बांधता बांधता, मी म्हणून गेलो, तुमचे तिन्ही रिफंड मंजूर. आज घरी गेलो की करतो. माझा शब्द आहे.

त्यांनी माझा हात दोन्ही हातात धरला.

येताना बसमध्ये शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. दरवाजापाशी माणसं उभी होती. लोकांना बसायलाही येत नाही.

२४ एप्रिल
मास्तरांचे पैसे मंजूर करायला बसलो. 'मंजूर' बटण नाही. सगळीकडे शोधलं. नामंजूर, नामंजूर, नामंजूर.

वेबसाइटवालीला फोन केला. म्हटलं, ही काय अर्धवट कामं करता? ती म्हणाली, तुम्हीच नको म्हणाला होता. मी म्हटलं, मी नको म्हटलं तरी तुम्हाला कळायला नको? ती म्हणाली, मी विचारलं होतं, 'नक्की?'

बटण घालून देते म्हणाली. पण दोन आठवडे दुसऱ्या कामात आहे.

२७ एप्रिल
मास्तरांना कळवलं नाही. दोन आठवडे थांबा असं कसं सांगायचं? शब्द दिलाय. जेवताना सारखी ती खुर्ची दिसते, गॅलरीत ठेवलेली, आणि काकडलेली पोर.

काहीतरी मोठं केलं पाहिजे.

संकल्प : एकट्या मास्तरांचे नाही, सगळ्यांचे पैसे परत. एकाच दिवशी, कुठलंही कारण न विचारता. असं आजवर कोणी केलं नसेल. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. मग दुकान पुन्हा उभं राहील, याहून जोरात. सोबत पाठवायचं पत्र आजच लिहून काढलं. फार सुंदर उतरलं आहे. मीच तीनदा वाचलं.

हिला फोनवर वाचून दाखवलं. ही म्हणाली, पत्र राहू दे, पैसे पाठवा.

६ मे
बटण आलं. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. मंजूर दाबलं.

काहीच होईना. पुन्हा दाबलं. स्क्रीनवर आलं, हे खातं बंद करण्यात आलं आहे.

वेबसाइटवालीने शोधून सांगितलं. पैसे गोळा करणाऱ्या कंपनीने दुकान केव्हाच बंद केलंय. तक्रारी फार झाल्या म्हणून. आणि खात्यात जे काही होतं त्यातून सगळ्यांचे पैसे परस्पर परत करून टाकलेत. मला कळवलं होतं म्हणे, चार वेळा. ते मेल पायांच्या फोटोंखाली गाडले गेले होते.

म्हणजे मी पत्र लिहीत होतो तेव्हा पैसे पोचलेले होते. माझ्या औदार्याला कोणी जागाच ठेवली नाही. एका यंत्राने, कुठलाही विचार न करता, कोणाचीही पारख न करता, सरसकट देऊन टाकले! काही पद्धत?

वेबसाइटवाली म्हणाली, ती पद्धतच असते. एक बटण, ऑर्डर नंबर, आणि पैसे परत.

हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

७ मे
निदान मास्तरांना फोन करावा म्हटलं. मागे व्हायोलिन वाजत होती, कोणीतरी अगदी नवशिकं, दार करकरल्यासारखं. मी म्हटलं, मास्तर, मी पदसुगंधवाला. तुमच्या पैशांचं.

"मिळाले ना! तुम्ही येऊन गेलात त्याच्या आदल्याच दिवशी आले होते. मला मागाहून कळलं. मी म्हटलं, बघा, पैसे आधी देऊन मग माणूस विचारपूस करायला घरी येतो. फार मोठं मन आहे तुमच्या कंपनीचं."

मी म्हटलं, हो, आमचं तसंच असतं.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "पाय बुडवता ना रोज? कोमटच पाणी घ्या. आणि घरात कोणाला विचारून बघा, फरक पडतोय का. आपलं आपल्याला कळत नाही हो."



१० मे
गॅलरी रिकामी केली. कचरा नेणाऱ्याने आधी हात लावायला नकार दिला, मग नाकाला फडकं बांधून नेलं सगळं. फिनाईल टाकून दोनदा फरशी पुसली. खालचे काका आवाज ऐकून वर आले, खोकी जाताना पाहिली आणि म्हणाले, म्हणजे उंदीर तुमच्याकडे मेला होता होय! मग आत येऊन इकडे तिकडे वास घेतला. थोडा आहे अजून, म्हणाले.

थोडा आहे. खोकी गेली, इनसोल गेले, उरलेला कापूसही गेला. फिनाईलच्या खालून येतोच आहे. भिंतींनी शोषला असेल.

हिला फोन केला. ये म्हटलं, सगळं साफ केलंय. ती म्हणाली, बघते. मी म्हटलं, एक विचारायचंय. ती म्हणाली, विचारा. मी म्हटलं, आल्यावर.

१२ मे
ही आली. दारात चप्पल काढली, घरभर फिरली, स्वयंपाकघरातली बिस्किटांची रिकामी पाकिटं गोळा केली. बॅग उघडून कपडे कपाटात लावायला लागली. मी मागे जाऊन उभा राहिलो.

मी विचारलं, "माझ्या पायांना वास येतो का?"

तिने साडीची घडी नीट केली. "हो."

"म्हणजे हल्ली. या सगळ्या भानगडीत."

"नाही."

"मग कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून."

"इतकी वर्षं! मग एकदा तरी बोलायचंस!"

"बोलले होते ना," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, मोरीतून येतो."

खरं आहे. आता आठवतं. पाइप बदलून घेतला होता आपण. प्लंबर माझ्या पायाशी उकिडवा बसून जाळी उघडत होता, आणि मी वर उभा राहून त्याला सांगत होतो, नीट वास घे रे, इथेच आहे कुठेतरी. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हो साहेब, म्हणाला, इथेच आहे. मग पाइप बदलला आणि पैसे घेऊन गेला.